तीन विद्यापीठांची पाणंद



ज्याचे बालपण खेड्यात गेले आहे, त्याला पाणंद म्हणजे काय हे सांगावयास नको. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी आपापल्या बांधालगतची थोडी थोडी जमीन सोडलेली असते आणि तीतून बैलगाडी जाईल एवढी वाट तयार होते. ती वाट कोणा एकाची नसते, म्हणूनच ती सगळ्यांच्या उपयोगी पडते. पण ती होण्यापूर्वी किती वर्षे भांडणे चालतात, आधी कोणी सोडायचे आणि किती सोडायचे यावर चावडीत किती तंबाखू मळली जाते, हेही तुम्हांला ठाऊक असेलच! जमीन मोजणे सोपे असते. माणसांची मने वळविणे अवघड असते.

आज मी तुम्हांला अशाच एका पाणंदीची हकीगत सांगणार आहे. ही पाणंद मातीची नव्हे, तारांची आहे. ती अमेरिकेतील मिशिगन या राज्यात आहे आणि तिच्यावरून बैलगाड्यांऐवजी आकडे, अक्षरे आणि चित्रे धावतात. संशोधन आणि शिक्षण यांसाठी एका संबंध राज्यात संगणकांचे वेगवान जाळे कसे विणले गेले, त्याला पैसा कोठून आला, आणि त्यापासून आपण काय घ्यावे, हा आजचा विषय. मी संगणकशास्त्राचा माणूस नव्हे. एका तालुक्याच्या गावी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवितो. तेव्हा यंत्राच्या पोटात काय आहे यापेक्षा त्याचा खर्च कोण उचलतो, याकडेच माझे लक्ष अधिक जाणार. त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो.

मिशिगनचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. या राज्याचे दोन तुकडे आहेत आणि मध्ये पाणी आहे. खालचा तुकडा हातमोज्याच्या आकाराचा, शहरांचा आणि कारखान्यांचा. वरचा तुकडा लांबट, कडाक्याच्या थंडीचा, जंगलांचा आणि विरळ वस्तीचा. दोहोंना जोडणारा मॅकिनॉ पूल १९५७ साली वाहतुकीला खुला झाला, तोवर नावेनेच ये-जा करावी लागे. खालच्या तुकड्यात तीन मोठी विद्यापीठे आहेत : अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठ, डेट्रॉइट शहरातील वेन स्टेट विद्यापीठ, आणि ईस्ट लॅन्सिंग येथील, मूळच्या शेतकी कॉलेजातून वाढलेले मिशिगन स्टेट विद्यापीठ. तिघांतही थोडीफार चुरस होतीच. विद्यापीठे झाली तरी शेवटी ती भाऊबंदच की!

१९६० नंतरच्या त्या दिवसांत संगणक म्हणजे एक अख्खी खोली भरून टाकणारे धूड असे. त्याची किंमत एवढी जबर, की कोणत्याही विद्यापीठाला सर्व प्रकारची यंत्रे घेणे परवडत नसे. एकाकडे एक सोय, तर दुसऱ्याकडे दुसरी. मग एकमेकांची यंत्रे एकमेकांनी वापरली तर? विचार साधा होता. १९६६ साली या तीन विद्यापीठांनी मिळून एक संस्था स्थापन केली. ‘मिशिगन एज्युकेशनल रिसर्च इन्फर्मेशन ट्रायड’ असे लांबलचक नाव तिला दिले. त्याची आद्याक्षरे जोडली की ‘मेरिट’ असा शब्द होतो. पुढे सगळे जण तिला मेरिट याच नावाने ओळखू लागले. बर्ट्राम हर्झॉग नावाचे प्राध्यापक तिचे पहिले संचालक झाले. राज्य सरकार आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान या दोघांनी पैशाचा भार उचलला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पुढे ज्याला सारे जग इंटरनेट म्हणू लागले, त्याचे बीज असलेले ‘अर्पानेट’ १९६९ साली चार ठिकाणे जोडून सुरू झाले. म्हणजे मेरिटचा करार त्याच्याही तीन वर्षे आधीचा आहे.

करार झाला, पण अडचण निराळीच होती. अ‍ॅन आर्बर आणि डेट्रॉइट येथील यंत्रे आय.बी.एम. कंपनीची होती, तर ईस्ट लॅन्सिंगचे यंत्र कंट्रोल डेटा या दुसऱ्या कंपनीचे. एकाचे बोलणे दुसऱ्याला कळावयाचे नाही. आता काय करावयाचे? एकाने आपले यंत्र मोडीत काढून दुसऱ्याचे घ्यावे, असे कोण कोणाला सांगणार? मग त्यांनी तोड काढली. प्रत्येक मोठ्या यंत्रापुढे एक लहान संगणक बसविला. हा लहान संगणक म्हणजे दुभाष्या. घरच्या यंत्राशी तो घरच्या भाषेत बोले आणि बाहेरच्या दोन दुभाष्यांशी सर्वांनी मिळून ठरविलेल्या एकाच बोलीत बोले. झालं! कोणाचे घर बदलले नाही, कोणाचा मान गेला नाही, आणि व्यवहार मात्र सुरू झाला. १९७१ च्या डिसेंबरात अ‍ॅन आर्बर आणि डेट्रॉइट यांची यंत्रे एकमेकांशी प्रथम बोलली, आणि १९७२ च्या ऑक्टोबरात ईस्ट लॅन्सिंग त्यांना येऊन मिळाले. करारापासून मोजले तर सहा वर्षे गेली. आपल्याकडे एखादे काम सहा वर्षे रखडले की आपण लगेच हात टेकतो. म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

आता हे बोलणे तारेवरून होते कसे? समजा, तुम्हांला एक जाड पुस्तक पुण्याहून नागपूरला धाडावयाचे आहे, पण टपालखाते पोस्टकार्डापलीकडे काही घेत नाही. मग तुम्ही काय कराल? पुस्तक कार्डांवर उतरवाल, प्रत्येक कार्डावर पत्ता आणि अनुक्रमांक घालाल आणि पेटीत टाकाल. काही कार्डे मनमाडवरून जातील, काही सोलापूरवरून. मागचे कार्ड पुढे पोचेल, एखादे वाटेत हरवेल. नागपूरचा माणूस ती क्रमाने लावील आणि ‘एकशे बारावे कार्ड मिळाले नाही, पुन्हा धाडा’ असे कळवील. संगणकांचे जाळे नेमके हेच करते. मजकुराचे असे लहान लहान पुडके करून ते सोडावयाचे. चौकाचौकात बसलेली यंत्रे, रेल्वे-टपालाच्या डब्यातील कारकुनांप्रमाणे, पत्ता पाहून ते पुढे ढकलतात. एक रस्ता बंद पडला तर दुसऱ्याने नेतात. एकाच तारेवरून शेकडो लोकांची कार्डे मिसळून जातात, म्हणून तार कोणासाठी रिकामी अडून राहत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर महाग साधनाचा पुरेपूर वापर होतो.

आणि वेग? तोही पुस्तकाच्याच मापाने मोजू. अडीचशे पानांचे मराठी पुस्तक घ्या. पानावर दोन हजार अक्षरचिन्हे धरली, तर ती पाच लाख होतात. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला २४ बिट लागतात. बिट म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच एक ठोका. म्हणजे पुस्तकाचे एक कोटी वीस लाख ठोके झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८६ साली देशातील मोठी गणनकेंद्रे जोडली, तेव्हा त्या तारांवरून सेकंदाला ५६,००० ठोके जात. त्या वेगाने आपल्या पुस्तकाला सुमारे साडेतीन मिनिटे लागली असती. एका माणसाला हे पुरे वाटेल. पण देशभरचे संशोधक एकदम वाटेवर आले, तेव्हा ती वाट तुंबली. मग १९८७ च्या नोव्हेंबरात प्रतिष्ठानाने नव्या, वेगवान जाळ्याचे काम सोपविले ते कोणाला? दुसऱ्या कोणा मातब्बराला नव्हे, तर मिशिगनच्या या मेरिटला! यंत्रांसाठी आय.बी.एम., तारांसाठी एम.सी.आय., आणि पाठीशी मिशिगन राज्याचे सरकार. १९८८ च्या जुलैत तेरा ठिकाणे जोडणारे जाळे सुरू झाले. वेग सेकंदाला सुमारे पंधरा लाख ठोके. आपले पुस्तक आठ सेकंदांत पोचले. १९९१ मध्ये वेग साडेचार कोटींवर नेण्यास सुरुवात झाली, आणि पुस्तकाला पाव सेकंद पुरू लागला. १९९५ च्या ३० एप्रिलला हे जाळे बंद करण्यात आले, कारण तोवर खासगी कंपन्यांच्या तारा तयार झाल्या होत्या आणि इंटरनेट बाजारात आले होते.

तीन भावांनी आपसांत घातलेली पाणंद अशा रीतीने एका देशाचा राजरस्ता झाली. हे कसे झाले असेल? मला वाटते, याचे कारण तारांत नाही. तारा कोणीही विकत घेऊ शकतो. निरनिराळ्या घरच्या यंत्रांना आणि, त्याहूनही कठीण, निरनिराळ्या घरच्या माणसांना एकत्र नांदविण्याचा वीस वर्षांचा अनुभव मेरिटच्या गाठीशी होता. तो बाजारात विकत मिळत नाही. १९७४ पासून २००१ पर्यंत एरिक ऑपर्ली हे एकच गृहस्थ मेरिटचे प्रमुख होते. माणसे टिकली म्हणून काम टिकले.

येथवरची गोष्ट यशाची. पण माझ्या मनाला अधिक भिडते ती पुढची गोष्ट.

शहरांत तारा पोचल्या. वरच्या थंड, विरळ तुकड्याचे काय? आता थोडा हिशेब करू. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा तंतू. त्यातून उजेडाचे ठोके धावतात. हा तंतू फार महाग नसतो. महाग असते ती खोदाई. रस्त्याकडेला चर खणणे, नदी-ओढा ओलांडणे, परवानग्या काढणे यातच पैसा जातो. चरात एक तंतू टाका की शंभर टाका, खोदाईचा खर्च जवळजवळ तोच. आता फायद्यावर चालणारी कंपनी काय पाहील? मैलाला किती गिऱ्हाइके मिळतात ते पाहील. जेथे मैलाला शंभर घरे तेथे ती धावत जाईल. जेथे मैलाला चार, तेथे ती पाठ फिरवील. यात कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. तो तिचा धर्मच आहे. परंतु त्या चार घरांतील मुलाचा काय दोष?

२०१० साली मेरिटने अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या साहाय्याने मोठी योजना हाती घेतली आणि पुढील चार-पाच वर्षांत राज्याच्या दुर्लक्षित भागांतून, अगदी वरच्या तुकड्यापर्यंत, दोन हजार मैलांहून अधिक लांबीचे फायबर घातले. त्यातील मेख अशी, की त्यांनी प्रथम घरे जोडली नाहीत. शाळा, ग्रंथालय, दवाखाना, कॉलेज अशा, गावाचा खांब असलेल्या संस्था जोडल्या. आणि त्याच चरातील तंतू स्थानिक कंपन्यांनाही उपलब्ध ठेवले, म्हणजे त्यांनी तेथून पुढे घरोघर जावे. महाग तेवढे काम एकदा, सर्वांच्या पैशाने करावयाचे. पुढचे स्वस्त काम ज्याचे त्याने करावयाचे. कालव्याचे पाणी सरकारने शिवारापर्यंत आणावे आणि पाट शेतकऱ्यांनी काढावेत, तशातलाच हा प्रकार.

आता एक गोष्ट माझी स्वतःची सांगतो. ती सांगताना मला अभिमान वाटत नाही.

२०२० च्या पावसाळ्यात कॉलेजे बंद होती आणि आम्ही मोबाइलवरून शिकवीत होतो. शिकवीत होतो म्हणजे काय, तर घरातील भिंतीसमोर बसून बोलत होतो! मुलांना लेखी काम दिले होते. एका मुलाची उत्तरे आली ती अवघी चार-चार ओळींची. इतरांनी दोन-दोन पाने पाठविली होती. मी त्याला गुण कमी दिले आणि वर शेरा मारला, ‘आळस सोडा.’ पुढे कॉलेज उघडले. मुलगा पहिल्या बाकावर बसू लागला. हात वर करून प्रश्न विचारी. प्रश्नही असे की मला पुन्हा पुस्तक उघडावे लागे. एक दिवस मी त्याला थांबवून विचारले, ‘अरे, मग त्या वेळी तुला झालं तरी काय होतं?’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, फोन वडिलांचा. ते कामावरून रात्री यायचे. घरात रेंज नाही, फाट्यावरच्या एस.टी.च्या शेडमध्ये गेलं की यायची. पाऊस असायचा. दोन पानं टाइप केली होती, ती तीन वेळा गेलीच नाहीत. शेवटी चार ओळी गेल्या, तेवढंच पुष्कळ झालं.’

त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. सांगितले असते तर बरे झाले असते. गुणपत्रक तोवर छापून गेले होते. मी आळस म्हणून ज्याला शिक्षा दिली, तो आळस नव्हता. ती रेंज होती.

त्याच २०२० साली मिशिगनमधून एक अहवाल प्रसिद्ध झाला. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या क्वेलो सेंटर या केंद्राने, मेरिटच्या सहकार्याने, बहुतांशी ग्रामीण भागांतील शाळकरी मुलांची पाहणी केली होती. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही, किंवा जी मुले केवळ मोबाइलवर अवलंबून आहेत, ती गृहपाठात, गुणांत आणि संगणक हाताळण्याच्या कौशल्यात मागे पडतात, असे त्यांना आढळले. श्रीमंत देशातले हे चित्र! तो अहवाल वाचताना मला एस.टी.ची शेड दिसत होती. फरक एवढाच, की तेथे कोणीतरी बसून ते मोजले होते. मी मात्र शेरा मारला होता.

आता आपल्या घराकडे वळू. आपला देश या बाबतीत झोपलेला होता, असे मुळीच नाही. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे सुरू केले. पाच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात होते. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १९९५ च्या १५ ऑगस्टला. म्हणजे आपल्याकडेही ही वाट आधी विद्यापीठांनीच पाडली. पुढे २०१० च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘राष्ट्रीय ज्ञान जाळ्या’स ५,९९० कोटी रुपयांची मंजुरी दिली. सुमारे १,५०० संस्था जोडावयाच्या आणि कण्याचा वेग सेकंदाला अब्जावधी ठोक्यांचा ठेवावयाचा, अशी ती योजना. दहा अब्जांचा वेग धरला तर आपली आठशेहून अधिक पुस्तके एका सेकंदात इकडची तिकडे होतात!

एवढा वेग कशाला हवा, असे कोणी विचारील. जिनिव्हाजवळील प्रयोगशाळेत कणांच्या टकरी होतात आणि त्यांच्या नोंदींचा काही भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तपासला जातो. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ-दुर्बिणी आकाश ऐकत असतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. अशा वेधशाळेच्या नोंदी जगातील इतर वेधशाळांच्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात. एकटीने तिचे काम भागत नाही. म्हणजे ज्या जिल्ह्यांना आपण मागास म्हणतो, त्यांतील एका जिल्ह्यातून उद्या विश्वाच्या बातम्या जगाकडे जावयाच्या आहेत. मग त्याच तारेला एक फाटा फोडून तो शेजारच्या तालुक्याच्या कॉलेजात नेण्यास काय हरकत आहे?

माझा मुद्दा येथेच आहे. कणा उभा राहिला. बोटांपर्यंत रक्त पोचावयाचे आहे. महाराष्ट्रात चार हजारांहून अधिक कॉलेजे आहेत. राष्ट्रीय जाळ्याच्या दीड हजार संस्थांत ती सगळी मावणार नाहीत, हे उघड आहे. ते काम राज्याने आणि राज्यातील विद्यापीठांनी मिळून करावयाचे आहे. मिशिगनच्या गोष्टीतून मला त्यासाठी चार गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात.

पहिली गोष्ट, मालकी. मेरिट ही तेथील सार्वजनिक विद्यापीठांची स्वतःची, नफा न घेणारी संस्था आहे. ज्याला वापरावयाचे त्याच्याच हाती कारभार, म्हणजे तक्रार करावयास दुसरीकडे जावे लागत नाही. महाराष्ट्राला सहकाराची ओळख करून द्यावयास नको. साखरेत आणि दुधात आपण जे करून दाखविले, ते ज्ञानात का करू नये?

दुसरी गोष्ट, खोदाई. रस्ता होतो, मग पाण्याच्या नळासाठी तो खणतात, मग केबलसाठी पुन्हा खणतात. रस्ता करतानाच त्याच्या कडेने एक रिकामी नळी पुरून ठेवली, तर पुढे तंतू ओवणे किती स्वस्त पडेल!

तिसरी गोष्ट, राखण. जाळे बांधताना फीत कापली जाते, भाषणे होतात. जाळे राखताना रात्री दोन वाजता एखाद्या माणसाला उठून तार कोठे तुटली ते पाहावे लागते. त्याचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. अंदाजपत्रकात त्याच्या पगाराची तरतूद आधी करा, फीत मागाहून कापा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तार कॉलेजच्या फाटकाशी थांबता कामा नये. पुष्कळ कॉलेजांत ती कार्यालयापर्यंत येते आणि तेथेच विसावते. मुलगा मात्र फाट्यावरच्या शेडमध्ये उभा असतो. ती ग्रंथालयात आली पाहिजे, आणि ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे राहिले पाहिजे. याला फार पैसा लागत नाही. एक शिपाई, एक दिवा आणि प्राचार्यांची एक सही लागते.

ही चौथी गोष्ट ज्यांच्या हातात आहे, असे पुष्कळ जण हे शब्द वाचत असतील. कोणी संस्थाचालक असेल, कोणी प्राध्यापक असेल, कोणी ग्रामपंचायतीचा सदस्य असेल. तुम्हांला मिशिगनला जावयास नको. आपल्या गावच्या फाट्यावर संध्याकाळी एकदा जाऊन या. तेथे हातात फोन घेऊन कोणी मुलगा-मुलगी उभी आहे का, ते पाहा. असेल तर तिला विचारा, ‘बाई, किती वेळ झाला?’ तिचे उत्तर येईल, ते कोणत्याही अहवालापेक्षा खरे असेल.

पाणंदीची सुरुवात नेहमी अशीच होते. कोणीतरी एक जण आपल्या बांधावर उभा राहतो आणि म्हणतो, ‘माझ्याकडून दोन हात सोडले.’ मिशिगनमध्ये तसे तिघे निघाले. आमच्या कॉलेजात, माझ्यापुरते बोलावयाचे तर, ग्रंथालय संध्याकाळी उघडे ठेवण्याची आठवड्यातील दोन दिवसांची पाळी मी घेतली आहे. काम फार मोठे नाही. पण त्या मुलाच्या कागदावर मारलेला शेरा मला पुसता आला नाही. निदान तसाच शेरा पुन्हा मारण्याची वेळ येऊ नये, एवढी माझी इच्छा आहे.